तोट्यातली फेरी

इथवर चिकाटीनं वाचत आलेल्या माणसाला वाटलं असेल की नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, म्हणजे या गृहस्थाचं वाढायचं ते वाढून झालं. आता पुढं सत्कार आणि गुडघेदुखी. मलाही तसंच वाटत होतं. पण खरं सांगायचं तर माझं बालपण मी नोकरीभर पुरवून वापरलं. बेळगावच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो, म्हणजे काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कधी सुटेल, हे माइकवरून सांगणारा माणूस. अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या मी वेळेवर सोडल्या, पण घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला सुमन गेल्यानंतर कळलं, तेही चहात घातल्यावर. सुमन म्हणजे माझी बायको. तिच्या हयातीत मी घरात पाहुण्यासारखा वाढलो. मी खरा वयात आलो तो निवृत्त झाल्यावर, बंगळुरात, महादेवपुऱ्यातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, आणि मला वयात आणलं ते दोन वर्षांचीही न झालेल्या एका बाईनं. म्हणून हे प्रकरण वाढण्याच्या पुस्तकात. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पुढच्या स्टॉपवर उतरावं.

झालं असं की माझ्या मुलीची, शर्वरीची, बाळंतपणाची रजा संपत आली. ती आणि तिचा नवरा निखिल, दोघंही संगणकाच्या कंपन्यांत. त्यांच्या सोसायटीच्या गेटला लागूनच एक डे-केअर आहे. भिंतीवर जिराफ, आत एसी, आणि फी अशी की आकडा ऐकल्यावर निखिलनं फोन म्यूट केला आणि तो शर्वरीकडं नुसता बघत राहिला. संध्याकाळी आई-बाप उशिरा पोचले तर त्याचे पैसे वेगळे, आणि बंगळुरातला रस्ता बघता ते रोजच पडणार. घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईची चौकशी केली तर एजन्सीनं आधी डिपॉझिट सांगितलं, बाई नंतर. सगळं जोडून झाल्यावर शर्वरीच्या पगारातून जे उरत होतं त्यात तिचं ऑफिसला जाणं-येणं कसंबसं भागलं असतं. मग त्यांना मी आठवलो. शर्वरीचा फोन आला, 'आप्पा, तुम्ही एकटेच असता ना तिकडं? इकडं या की थोडे दिवस.' त्या बोलण्यातल्या मायेबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. पण जन्मभर चौकशीच्या खिडकीवर बसलेला माणूस मी. प्रश्नाच्या मागं कुठली गाडी उभी आहे ते मला कळतं. मी पिशवी भरली. सुमनचा फ्रेम केलेला फोटोही घेतला, दोन लुंग्यांमध्ये गुंडाळून.

फोटो लावायला भिंत नव्हती. म्हणजे भिंती चिक्कार होत्या, पण घरमालकाची अट, खिळा मारायचा नाही. त्यामुळं सुमन प्रिंटरशेजारी टेकून उभी राहिली. तिच्यापुढं रोज उदबत्ती लावायचो तर निखिल हळूच म्हणाला, 'बाबा, तो स्मोक सेन्सर आहे ना वर, तो जरा सेन्सिटिव्ह आहे.' मी उदबत्ती बंद केली. निखिल पुण्याचा आहे, स्वभावानं अगदी गरीब. त्याला कुणाला दुखवायचं नसतं, म्हणून तो सगळ्याला 'जरा' लावतो.

सकाळी दोघं गेले की दार ओढून घेतल्याचा आवाज यायचा, मग लिफ्टचा, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि ओवी. पहिल्या आठवड्यात मी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं: दूध, झोप, नाचणीची खीर, झोप, मऊ भात, फेरफटका. ओवीनं त्यातली एकही फेरी वेळेवर सोडली नाही. भाताच्या वेळेला झोप, झोपेच्या वेळेला माझ्या चष्म्याची काडी, आणि खीर तर तिनं सोफ्याला भरवली. मी रागावून कंट्रोलरच्या आवाजात म्हणायचो, 'प्रवाशांनी कृपया रांगेत यावे,' आणि ती टाळ्या वाजवायची. माझ्या उद्घोषणेला टाळ्या वाजवणारा तो आयुष्यातला पहिला प्रवासी.

पण पोर दुपारी झोपली की जी शांतता व्हायची ती मला अजून आठवते. शांतता म्हणजे आवाज नव्हते असं नव्हे. वरच्या मजल्यावर कुणीतरी कायम ड्रिल चालवायचं, खाली पाण्याचा टँकर मागं येताना टुंई टुंई करायचा, कुठल्यातरी घरातला मिक्सर, कुठल्यातरी घरातलं कुत्रं. त्या सगळ्यात माझ्याशी बोलणारा आवाज एकही नव्हता. स्टँडवर मला दिवसात शेकडो माणसं विचारायची, 'निपाणी गाडी कधी?' आणि मी वैतागायचो. इथं लिफ्टमध्ये चार माणसं असली तर चौघंही फोनमध्ये. एकदा मी आपण होऊन एका तरुणाला विचारलं, 'किती वाजले?' त्यानं माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि मग मोठ्या दयाळूपणानं सांगितलं. बहुतेक त्याला वाटलं म्हाताऱ्याला काटे कळेनासे झालेत.

त्या दिवसांत मला माझी आई फार आठवायची. शर्वरी लहान असताना सुमनची म्युनिसिपालिटीच्या शाळेत नोकरी होती, आणि ती टिकली ती आईमुळं. निपाणीकडचं आपलं घर, शेजारपाजार सोडून आई आमच्या बेळगावच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. कुणाला तसं विचारायचं असतं हेही तेव्हा माहीत नव्हतं. मी संध्याकाळी घरी आलो की ती दारातच विचारायची, 'आज कुठल्या गाड्या लेट?' मला कळायचंच नाही की या बाईला गाड्या घेऊन काय करायचंय. हिला कधी गोकाकला जायचंय का रायबागला? मी 'काही नाही, सगळ्या टायमावर' म्हणून चपला काढायचो आणि पेपर घेऊन बसायचो. आणि आता महादेवपुऱ्यात, संध्याकाळी शर्वरी आली, तिनं गळ्यातलं निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र काढून दारामागच्या हुकाला अडकवलं, की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, 'आज मीटिंगमध्ये काय झालं?' ती ओवीला उचलून घेत म्हणायची, 'काही नाही आप्पा, नेहमीचंच.' तिची चूक नव्हती. ती दमलेली असायची. आई गेली तेव्हा मी रडलो होतो, पण तिच्या त्या प्रश्नाला मी बंगळुरात, अकराव्या मजल्यावर, पहिल्यांदा रडलो. अर्थात स्वयंपाकघरात, कांदा हाताशी घेऊन.

थोडक्यात, मला घरी जायचं होतं. हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो, कारण मी गेलो की शर्वरीची नोकरी गेली. घरात सगळ्यांच्या तोंडी हिशोब तसाच होता. गाडीचा हप्ता दोघांचा, घरभाडं दोघांचं, फ्रिज दोघांचा. डे-केअर मात्र शर्वरीच्या पगारातून वजा व्हायचं. निखिलही तसंच धरायचा, शर्वरीही तसंच धरायची, आणि मीही. त्यात काही खटकतंय हे माझ्या टाळक्यात यायला फार उशीर लागला.

आता कडीची गोष्ट. ओवी चालायला लागली, बोबडं बोलायला लागली, तसा मी तिला माझ्या परीनं शिकवू लागलो. दुसऱ्यांचे आजोबा नातवंडांना श्लोक शिकवतात. मला येतात ते डेपोचे श्लोक. आमच्याकडचा कंडक्टर गाडी सोडताना ओरडतो 'रैट', आणि थांबवताना पत्र्यावर दोनदा टकटक करून ओरडतो 'होल्डान'. हे इंग्रजी साहेबाचे दोन शब्द कर्नाटकातल्या प्रत्येक रस्त्यावर घासून घासून आमचे झालेत. आमची बस म्हणजे बाल्कनी. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मी ड्रायव्हर, ओवी कंडक्टर. बाल्कनीच्या लाकडी चौकटीच्या, काचेच्या दाराची वरची कडी मोडलेली होती, ती दुरुस्त करायचं काम मी अंगावर घेतलं. नवी कडी कुठं बसवायची याचा मी विचार केला, आणि तो मला त्या वेळी अत्यंत शास्त्रशुद्ध वाटला: गाडीचं दार बंद करणं हे कंडक्टरचं काम, तेव्हा कंडक्टरचा हात पोचेल अशाच उंचीवर कडी हवी. घरमालकाची खिळ्याची अट मोडून मी ती दाराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर बसवली. तेल घातलं. ओवी दोन दिवसांत तरबेज झाली. खोलीत उभी राहून 'लैट' म्हणून कडी लावायची, मी बाल्कनीतून टकटक करून 'होल्डान' म्हटलं की काढायची. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी बेळगावला माझ्या जुन्या सोबत्याला, मारुतीला, फोन करून सांगितलं. मारुती तेव्हाही नोकरीत होता, माझ्याच खुर्चीवर. तो म्हणाला, 'भरती करून टाकू की ओ तिला.'

त्या दिवशी मी कुकर लावला आणि धुतलेले कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेलो. पाठीमागून बारीक आवाज आला, 'लैट.' आणि कडी सरकली.

सुरुवातीला मी हसलो. टकटक केली, 'होल्डान' म्हटलं. काचेपलीकडं ओवीही हसली, आणि आत पळाली. आत म्हणजे स्वयंपाकघराच्या दिशेनं, जिथं गॅस चालू होता. मग माझं हसू गेलं. फोन सोफ्यावर. घराचं दार आतून लावलेलं. मी दार बडवायला लागलो, दोन्ही हातांनी, आणि माइकशिवाय जेवढा आवाज काढता येतो तेवढा काढून ओरडायला लागलो. कुकरची शिट्टी झाली. ओवी पळत परत आली, काचेला नाक लावून माझ्याकडं बघितलं, आणि माझं तोंड बघून तिनं जे भोकाड पसरलं ते आजही माझ्या कानात आहे. मी आणखी बडवलं. ती आणखी मागं सरकली. मी वळून समोरच्या इमारतीकडं हात हलवले. एका बाल्कनीतून कुणीतरी मलाही हात हलवून दाखवला आणि तो आत गेला. हिंदीत ओरडलो, कन्नडमध्ये ओरडलो. खाली बागेत माळी पाइप धरून उभा होता, मुंगीएवढा, त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. इतकी घरं, इतक्या खिडक्या, आणि दिवसाढवळ्या माणूस ओरडतोय तर ऐकायला घरात कुणी नाही, सगळे कामावर. शेवटी दाराला टेकून मी मराठीत रडकुंडीला येऊन म्हणालो, 'ओवी बाळा, कडी काढ गं, आजोबांचं चुकलं.'

'अहो, तुमी मराठी काय?'

डावीकडच्या बाल्कनीत, मधल्या मोकळ्या जागेपलीकडं, एक बाई उभ्या होत्या. साठी ओलांडलेल्या, हातात ओलं झबलं. त्यांना मी महिनोन् महिने रोज बघत होतो. त्या कपडे वाळत घालायच्या, मी कपडे वाळत घालायचो, आणि दोघंही दुसऱ्याला आपली भाषा येत नसणार अशा खात्रीनं मान फिरवायचो.

'बेळगावचा,' मी म्हणालो. 'पोरगी आत आहे हो. कुकर गॅसवर आहे.'

'अय्यो, आणि मी तुमाला दिल्लीकडचे समजले. स्वल्प थांबा. पैला ते दार बडवायचं सोडा. पोर तुमच्या तोंडाला भ्यालीय. खाली बसा.'

मी बसलो. त्यांनी फोनवरून वॉचमनला कळवलं, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि तोवर मला सूचना देत राहिल्या, शांतपणे, जणू काही झालंच नाही: चेहरा सैल सोडा, हसा, हं, तसं नाय, ते हसू बघून मीच भ्याले. मी ओवीच्या उंचीला आलो, काचेवर एका बोटानं टकटक केली, आणि कंडक्टरच्या आवाजात विचारलं, 'ताई, निपाणी गाडी हीच काय?' ओवी हुंदके देत उभी राहिली. मी परत विचारलं. कुकरच्या आणखी शिट्ट्या झाल्या, मग जळका वास यायला लागला. मी तिकीट मागितलं. सुट्टे नाहीत म्हणून भांडलो. मग ती डोळे पुसत आली, म्हणाली, 'होल्लान,' आणि कडी काढली.

या बाईंना मी पुढं अक्का म्हणू लागलो. त्यांचं माहेर-सासर दोन्ही चिकपेटचं, जुन्या बंगळुरातल्या पेठेतलं, कितीतरी पिढ्या इथंच राहिलेली मराठी घरं. त्याही इथं मुलाच्या बाळाला बघायलाच आल्या होत्या. नंतर आम्ही रोज बाल्कनीतून बोलायचो. त्या म्हणायच्या, 'आपण काय, बिनपगारी आया. सुट्टी नाय, बोनस नाय, सरी?' 'सरी' म्हणजे त्यांचं कन्नड 'बरोबर ना'. पण ते नंतर. त्या दिवशी त्यांचा मेसेज फिरत फिरत शर्वरीच्या फोनवर पोचला, ती ज्यांच्या हाताखाली नवं काम मागत होती त्यांच्यासमोर बसलेली असताना. ती तशीच उठून आली. दार उघडलं तेव्हा ओवी माझ्या मांडीवर झोपली होती आणि घरात जळक्या डाळीचा धूर होता. सेन्सर, ज्याला सुमनची उदबत्ती चालत नव्हती, तो मात्र गप्प होता. शर्वरीनं आधी गॅस बघितला, मग ओवीला, मग कडीला, मग मला. त्या क्रमात मला काही चूक दिसली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, 'आप्पा, कडी इतकी खाली का?' मी म्हणालो, 'कंडक्टरसाठी.' आणि हे उत्तर मोठ्यानं ऐकल्यावर मलाच पहिल्यांदा कळलं की ते कसं आहे.

शनिवारी सकाळी पोहे खाताना निर्णय झाला. कुणी आवाज चढवला नाही. निखिल म्हणाला की लॉजिकली बघितलं तर फुल डे डे-केअर लावलं तर शर्वरीचा पगार सगळा तिकडंच जातो, मग एवढा स्ट्रेस घेऊन हातात काय येतं. शर्वरी म्हणाली, आप्पांना तरी किती दमवायचं, त्यांनाही त्यांचं घर आहे. मग ताटलीतला शेंगदाणा बोटानं फिरवत ती म्हणाली, 'दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. सोमवारी मेल टाकते. ओवी शाळेत गेली की परत बघू.' दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, 'तुम्ही ठरवाल ते.' आणि लाज वाटते, पण खरं ते लिहिलं पाहिजे: आत कुठंतरी मी पिशवी भरायलाही लागलो होतो. माझा कट्टा, माझा चहावाला, माझ्या भिंती, ज्यांत हवे तेवढे खिळे. दुपारी पाणी प्यायला उठलो तर दारामागच्या हुकावर निळा पट्टा नव्हता. पेन शोधायला ड्रॉवर उघडला, तर तो आत होता, टेस्टर आणि जुन्या चार्जरांच्या खाली, गुंडाळून ठेवलेला.

रविवारी सकाळच्या बेळगाव गाडीत निखिलनं मला मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवर बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली, पाया पडला, 'बाबा, जरा काळजी घ्या' म्हणाला. मी दारामागची जागा धरली. बॅग वर टाकली. गाडी अर्धी रिकामी होती, आणि कंडक्टर ड्रायव्हरशी कुरकुरत होता की अशी रिकामी गाडी हाणायची म्हणजे डिझेलचा भुर्दंड. हे बोलणं मी जन्मभर ऐकलंय. रिकाम्या सीटांकडं बघत बसलो असताना मला आमची जंगलाकडची फेरी आठवली.

खानापूरच्या पुढं झाडीत शिरणारी ती एक सकाळची गाडी होती. कायम तोट्यात. तिच्यात कोण असायचं, तर हायस्कूलला जाणाऱ्या मुली, एक नर्स, कधी दह्याची मडकी घेतलेल्या बाया. वरचे साहेब दर महिन्याला विचारायचे, ही चालवायची कशाला? आम्ही म्हणायचो, साहेब, डेपोच्या सगळ्या गाड्यांचं मिळून बघा, एकटीचं नका बघू. तशी ती चालत राहिली. मग एका वर्षी रस्त्याचं काम निघालं म्हणून ती थांबवली. महिनाभराचा तर प्रश्न आहे, असंच सगळे म्हणाले. रस्ता झाला. चांगला झाला. पण तोवर मुली घरी बसल्या होत्या, नर्सनं बदली मागून घेतली होती, आणि साहेबांनी शेरा मारला की या मार्गावर मागणी नाही. मी निवृत्त झालो तरी ती गाडी परत फलाटाला लागली नव्हती. माइकवर बसलेल्या मला सवयीनं तिची वेळ झाली की घसा खाकरावासा वाटायचा.

गाडी यशवंतपूर ओलांडून तुमकूर रस्त्याला लागत होती. कंडक्टरनं कुणाला तरी चढवून 'रैट' म्हटलं. आणि मी, चालत्या गाडीला थांबवणाऱ्या प्रवाशाला ज्यानं जन्मभर शिव्या घातल्या, उठून पत्र्यावर दोनदा मूठ मारली आणि ओरडलो, 'होल्डान!'

इतका खास डेपोतला आवाज होता की ड्रायव्हरनं न विचारता ब्रेक मारला. कंडक्टर म्हणाला, अण्णा, तिकीट बेळगावचं आहे ना? मी म्हणालो, असू दे, काम राहिलंय. खाली उतरलो, मोठ्या तोऱ्यात रस्ता ओलांडला, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं की बॅग वरच्या फळीवर आहे. 'प्रवाशांनी आपापले सामान सांभाळावे', हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं तितक्या वेळा कुणी देवाचं नावही घेतलं नसेल.

मेट्रोनं परत आलो. बेल वाजवली. शर्वरीनं दार उघडलं, केस वर बांधलेले, कडेवर ओवी.

'आप्पा? गाडी चुकली?'

'नाही. वेळेवर सुटली.'

'मग बॅग कुठंय?'

'बेळगावला चाललीय. मी नाही.' आणि तिनं काही विचारायच्या आत मी चपला घातलेल्या पायांनीच आत जाऊन ड्रॉवर उघडला, निळा पट्टा काढला आणि हुकाला अडकवला. म्हणालो, 'उद्या मेल टाकू नकोस.'

निखिल आतून आला. मी त्या दोघांना जंगलाकडची फेरी सांगितली, उभ्या उभ्या, धाप लागलेली असताना, त्यामुळं फार चांगली सांगता आली नाही. दह्याची मडकी विनाकारण लांबली. निखिल प्रामाणिकपणे म्हणाला, 'पण बाबा, बस आणि जॉब जरा वेगळं आहे ना.'

'आहे की. बसला नवरा नसतो.' मी म्हणालो. 'हिला आहे. तेव्हा फी दोघांच्या पगारातून धर आणि मग सांग किती तोटा होतो.'

निखिलचे कान लाल झाले. शर्वरी चपलांच्या कपाटावर बसली, ओवीच्या केसांत तोंड खुपसून, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. होतीच. पण वर बघितलं तेव्हा हसतही होती. म्हणाली, 'आप्पा, बॅग खरंच सोडून आलात?'

पुढं सगळं एका झटक्यात सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. अर्धा दिवस डे-केअर, ते दोघांच्या सामायिक खात्यातून. सकाळी निखिल सोडणार, दुपारी मी आणणार, यावर बरेच आठवडे घासाघीस चालली. निखिल पहिल्या महिन्यात दोनदा ओवीचा डबा गाडीतच विसरला. शर्वरीला ते नवं काम तेव्हा मिळालं नाही, नंतर मिळालं. कडी मी इतक्या वर बसवली की आता मलाच स्टूल लागतं. आणि माझ्या सकाळी रिकाम्या झाल्या. पोर होती तेव्हा एकटा होतो, पोर नसल्यावर काय असतं ते तेव्हा कळलं. चिकपेटच्या अक्का त्यांच्या मुलाची बदली झाल्यावर गेल्या. त्यांच्या बाल्कनीत आता एक सायकल टांगलेली असते. ओवी शाळेच्या बसनं जाते. पहिले काही दिवस खिडकीतून हात करायची. आता मैत्रिणीशी बोलत असते.

बॅग मात्र पोचली. मारुतीनं ती उतरवून घेतली आणि कंट्रोल रूममध्ये ठेवली. महिन्याभरानं दोन दिवस सवड काढून मी आणायला गेलो तर लुंग्या घडी करून ठेवलेल्या, आणि सुमनचा फोटो समोरच्या भिंतीवर, घड्याळाखाली, चांगल्या जाड खिळ्याला लटकवलेला, पुढं उदबत्ती. मी काही म्हणायच्या आत मारुती म्हणाला, 'राहू देत की वहिनी इथं. सगळ्या गाड्या दिसतात त्यास्नी.' मी बघितलं. खरंच दिसत होत्या, काचेतून, सगळे फलाट. तिकडं तिला प्रिंटरशेजारी उभं राहायचं होतं. मी लुंग्या तेवढ्या घेतल्या. निघालो होतो आम्ही दोघं, घरी पोचली ती एकटी.

संध्याकाळी शर्वरी यायच्या आधी तासभर मोकळा असतो. ओवी गृहपाठाला बसते. मी बाल्कनीत खुर्ची घेतो आणि बेळगावला फोन लावतो. मारुतीही आता निवृत्तीला आलाय, पण अजून त्या खुर्चीवर आहे. मागं माइकचा खरखराट ऐकू येतो, कुणीतरी निपाणीची चौकशी करत असतं. मी विचारतो, 'आज कुठल्या गाड्या लेट?'

आणि तो सांगतो. एकेक करून, सगळ्या सांगतो.